एकशे सत्तर मिलिमीटरची पारख

एन्ड्युरो शर्यतीचा नियम कळला की तिच्यासाठी घडवलेल्या सायकलीचा निम्मा स्वभाव कळतो. या शर्यतीत घड्याळ फक्त उतारावर चालतं. दिवसभरात ठरावीक उतार असतात आणि त्यांच्या वेळांची बेरीज म्हणजे निकाल. पण प्रत्येक उताराच्या माथ्यावर बहुतेक वेळा स्वतःच पायडल मारत पोचावं लागतं. चढाला लागलेला वेळ निकालात धरत नाहीत, तरी नेमून दिलेल्या मिनिटाला माथ्यावर हजर नसलात तर दंड बसतो. फ्रेम, फोर्क, मागचा शॉक आणि चाकं यांवर सुरुवातीलाच खूण केली जाते आणि शर्यत संपेपर्यंत तेच भाग वापरायचे असतात. म्हणजे दगडधोंड्यांच्या कड्यावरून निर्धास्त खाली झोकून द्यायची सायकल हवी, आणि तीच संध्याकाळपर्यंत दीड-दोन हजार मीटरची चढण चढवता यायला हवी. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. लाँग ट्रॅव्हल फुल सस्पेन्शन एन्ड्युरो सायकल हा त्या भांडणातून काढलेला मार्ग आहे. तिची पारख करायची तर तिने कुठे कोणती तडजोड केली आहे, ते पाहावं लागतं.

या शर्यतींची जागतिक मालिका, एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज, २०१३ साली इटलीच्या तस्कनी किनाऱ्यावरच्या पुंता आला इथे सुरू झाली आणि त्या वर्षीची अखेरची फेरी लिगुरिया किनाऱ्यावरच्या फिनाले लिगुरे या गावात झाली. पुरुषांत फ्रान्सचा जेरोम क्लेमान्झ आणि महिलांत ब्रिटनची ट्रेसी मोझ्ली पहिले विजेते ठरले. २०२३पासून ही मालिका जागतिक सायकल संघटनेच्या विश्वचषकात सामील झाली. अशा सायकलीची परीक्षा घ्यायला मला फिनालेइतकी योग्य जागा दुसरी ठाऊक नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतात. वर, सुमारे हजार मीटरवर, नाटोचा बंद पडलेला लष्करी तळ आहे. रायडर मंडळी त्या जागेला सरळ ‘बाझे नातो’ म्हणतात. तिथून निघणाऱ्या वाटा आधी बीचच्या गर्द रानातून मऊ मातीवर धावतात, मग ओकच्या झाडीत मुळं आणि सुटे दगड सुरू होतात आणि खाली किनाऱ्याजवळ चुनखडीचे धारदार, उन्हाने पांढरे पडलेले खडक लागतात. एकाच उतारात तीन वेगळ्या जमिनी. व्हॅनच्या मागे ट्रेलर लावून सायकली वर नेण्याची सोय आहे. परीक्षा घेणाऱ्याने मात्र निदान एकदा तरी ती सोय नाकारून स्वतः चढून जावं.

डोंगरावरून सायकल खाली हाणायची हौस याहून बरीच जुनी. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एक शर्यत लावली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारे चारशे मीटर उंची उतरणारी वाट. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. सस्पेन्शन नव्हतंच, गुडघे आणि कोपरं हेच काय ते शॉक. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला १९८९ साली. आज उतारावर बोटाच्या दाबाने खाली जाणारी सीट, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, नसलेली एन्ड्युरो सायकल कोणी विकत घेणार नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत डोंगरी सायकलीत झालेला सर्वांत उपयोगी बदल हाच.

आता मुख्य आकडा. ट्रॅव्हल म्हणजे चाक फ्रेमच्या संदर्भात जितकं वर-खाली हलू शकतं ते अंतर. क्रॉसकंट्री सायकलीला १०० ते १२० मिलिमीटर, ट्रेल सायकलीला १३० ते १५०, डाउनहिलच्या शर्यतीच्या सायकलीला २०० आणि एन्ड्युरोला साधारण १६० ते १८०. दुकानात उभं राहून हा आकडा ऐकणाऱ्याला वाटतं, जितका जास्त तितका आराम. या समजुतीने लोकांचे लाखो रुपये वाया जातात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

सस्पेन्शनचं पहिलं काम चाक जमिनीला धरून ठेवणं. टायर हवेत असेल तेव्हा ब्रेक लागत नाही, हँडल वळवून सायकल वळत नाही, पायडल मारून जोर मिळत नाही. एका मुळावर आपटून चाक जमिनीपासून चार बोटं उडालं तर तेवढ्या वेळात रायडर नुसता प्रवासी असतो. उंचवट्यावर चाक वर जायला हवं आणि त्याच्या पलीकडच्या खळग्यात लगेच खालीही जायला हवं. यासाठी ‘सॅग’ असतो: रायडर बसल्यावर त्याच्या वजनाने सस्पेन्शन आधीच काहीसं दबलेलं असतं. मागे ३० टक्के सॅग ठेवला तर १७०पैकी ५१ मिलिमीटर वापरले गेलेले असतात. हे ५१ वाया गेलेले नाहीत. खळगा आला की चाक तेवढं खाली पोचून जमीन धरतं. उरलेले ११९ दणके पचवायला. पुढच्या फोर्कला सॅग कमी ठेवतात, १५ ते २० टक्क्यांच्या आसपास, कारण तीव्र उतारावर आणि ब्रेक दाबल्यावर सगळा भार तिथेच येतो.

त्या ११९ मिलिमीटरमध्ये बळ कसं वाढत जातं, यावर सगळं अवलंबून. समजा शॉकचा दांडा ६५ मिलिमीटर आत जातो आणि चाक १७० मिलिमीटर हलतं, म्हणजे सरासरी प्रमाण २.६. पण हे प्रमाण सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी ठेवलं तर सायकल लहान खडी मऊपणे गिळते आणि मोठ्या उडीनंतर तळाला आपटत नाही. किती आणि कुठे कमी करायचं, हे सांधे कुठे बसवलेत त्यावर ठरतं. बाजारात दिसणाऱ्या वेगवेगळ्या रचना याच गणिताची वेगवेगळी उत्तरं. सर्वांत जास्त दिसणारी ‘हॉर्स्ट लिंक’ हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नावाची. त्याचं पेटंट स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने १९९८ साली विकत घेतलं आणि त्याची मुदत संपल्यावर इतरही कंपन्या ती रचना मोकळेपणी वापरू लागल्या. अलीकडे ‘हाय पिव्हट’ रचनाही आली आहे. तिच्यात दगडाचा मार बसताच चाक वर जाताना थोडं मागेही सरकतं, त्यामुळे दगडावर अडकून वेग मरत नाही. बदल्यात चेन एका जादा पुलीवरून फिरवावी लागते. ती पुली साफ ठेवली नाही तर चढावर तिची घरघर ऐकू येते आणि पायालाही जाणवते.

नमुना म्हणून एक सायकल घेऊ. स्पेशलाइज्डने ऑगस्ट २०१९मध्ये नव्याने आणलेली ‘एन्ड्युरो’: पुढे १७० मिलिमीटर, मागे १७०, चाकं २९ इंची, आणि मागच्या सांध्यांची मांडणी कंपनीच्याच डाउनहिल सायकलीवरून घेतलेली. हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन ६३.९ अंश, सीटचा ७६, मागच्या चाकाच्या आसापासून क्रँकपर्यंतची लांबी ४४२ मिलिमीटर. मधल्या मापांपैकी ‘एस ४’ची रीच, म्हणजे क्रँकपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, ४८७ मिलिमीटर. पंचवीस वर्षांपूर्वीच्या डोंगरी सायकलीला हँडलचा कोन ७१च्या आसपास असायचा. सात अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्यामुळे पुढचं चाक हातांपासून बरंच पुढे जातं आणि उभ्या उतारावर तोंडावर पडण्याची भीती जवळजवळ संपते. किंमत मोजावी लागते ती सावकाश चढताना: चाक आपोआप एका बाजूला कलू पाहतं आणि तीव्र वळणावर हँडल सारखं धरून ठेवावं लागतं.

सीटच्या कोनाबद्दल एक सावधगिरी. जाहिरातीतला कोन सीटच्या एका विशिष्ट उंचीला मोजलेला असतो. उंच माणसाने सीट वर काढली की ती मागेही जाते आणि ७७ अंश प्रत्यक्षात ७५ होतात. चढावर मागचं सस्पेन्शन दबलं की आणखी एखाद-दोन अंश जातात. त्यामुळे ज्याचे पाय लांब आहेत त्याने हा आकडा वाचून थांबू नये. सायकलवर बसावं, उभ्या चढाला लागावं आणि पुढचं चाक उचललं जातंय का ते पाहावं.

चढावर पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे पायडल मारताना सायकल डोलते का. आपण जोर लावतो तेव्हा वजन मागे सरतं आणि मागचा शॉक दबू पाहतो; त्याच वेळी चेनचा ताण त्याला वर उचलू पाहतो. ही दोन बळं साधारण सारखी असली तर सायकल स्थिर राहते. चेनचा वाटा फार झाला तर उतारावर प्रत्येक दणक्याला पायडल मागे खेचलं गेल्यासारखं तळव्यांना जाणवतं. शॉकवर एक लहान कळ असते, ती बंद केली की डोलणं थांबतं. पण कळ न लावता जी सायकल नीट चढते तीच मला चांगली वाटते. खडबडीत चढावर मागचं टायर घसरू नये म्हणून तिथेही सस्पेन्शन चालू हवं. ५२ दातांच्या मागच्या गिअरमुळे जवळजवळ कुठलाही चढ हळूहळू चढता येतो. साधारण पंधरा-सोळा किलोच्या सायकलीकडून चपळाईची अपेक्षा करू नये. चढून माथ्यावर पोचल्यावर पायांत उतारासाठी जोर शिल्लक राहिला का, एवढं बघावं.

परीक्षेची पद्धत कंटाळवाणी आहे आणि ती तशीच असायला हवी. एक छोटा तुकडा निवडायचा, ज्यात मुळं, एक उभी पायरी, एक सपाट वळण आणि ब्रेकने खरवडलेली जमीन आहे. तोच पुन्हा पुन्हा उतरायचा. दर वेळी एकच गोष्ट बदलायची: हवेचा दाब किंवा रिबाउंडची (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं त्याची) एक खटकी किंवा कॉम्प्रेशनची (ते किती सहज दबतं त्याची) एक खटकी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. फोर्कच्या नळीवरची रबरी कडी किती वर सरकली ते पाहून वहीत लिहायचं. दोन सायकलींची तुलना करायची असेल तर दोन्हींना तेच टायर, त्याच दाबाचे. या नियमाबद्दल मी हट्टी आहे. मऊ रबराचा, जाड कवचाचा अडीच इंची टायर आणि पातळ, कडक टायर यांतला फरक दोन महागड्या फ्रेममधल्या फरकापेक्षा मोठा असतो. फ्रेमची स्तुती किंवा निंदा करणारे कितीतरी जण नकळत टायरबद्दल बोलत असतात.

मग लांब उतार. छोट्या तुकड्यावर जवळजवळ प्रत्येक आधुनिक सायकल छान वाटते. बाझे नातोपासून समुद्राच्या दिशेने न थांबता उतरलं की खरा प्रकार कळतो. पहिली काही मिनिटं मजेत जातात. मग कोपरापासून खाली हात भरून येऊ लागतात, बोटं ब्रेकवर वळत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी रान संपून खडकाळ भाग सुरू होतो. पकड ढिली पडल्यावर रायडरला चुका सुधारायला ताकद उरत नाही. तेव्हा सायकल स्वतः काय करते ते पाहायचं. पुढचं सस्पेन्शन ब्रेक लावताच खोल बुडतं का? एकामागून एक दणके बसताना शॉक वेळेत परत वर येतो, की प्रत्येक दणक्याला आणखी खाली बसत जाऊन शेवटी लाकडासारखा कडक होतो? चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटरची चकती असूनही कळ हँडलकडे जास्त जाऊ लागली का? मी एखाद्या एन्ड्युरो सायकलीबद्दल मत देतो ते या शेवटच्या खडकाळ भागावरून. आधीचा सगळा उतार मला त्यासाठीची तयारी वाटतो.

१७० मिलिमीटरची खरी गरज इथे लागते. ताजातवाना, कसलेला माणूस १४० मिलिमीटरवरही तो भाग वेगाने उतरेल. याला पुरावा आहे. मोझ्लीने सलग तीन वर्षं, २०१३ ते २०१५, ही मालिका जिंकली आणि त्या काळात ती मागे १४० मिलिमीटर ट्रॅव्हल असलेल्या, ट्रेक कंपनीच्या रेमेडी २९वर बऱ्याच शर्यती खेळली. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तीन विजेतेपदं साध्या सपाट पायडलवर मिळवली, बाकीचे बहुतेक जण बुटाला खटक्यात अडकवणारी पायडल वापरत असताना. यावरून यंत्र गौण आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही. स्वतःला काय मानवतं ते दोघांनाही नेमकं ठाऊक होतं, एवढंच यातून दिसतं. आणि घड्याळ लावून वेळ मोजल्याशिवाय आपल्याला काय मानवतं ते कळत नाही. स्थिर, लांब सायकल संथ वाटते, कारण तिच्यावर काही घाबरवणारं घडतच नाही. धडपडत उतरवलेली सायकल वेगवान वाटते. घड्याळ अनेकदा उलट सांगतं.

आता वजन. माझ्या दृष्टीने हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग, कारण तो आपल्या लोकांना थेट लागू आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. कंपन्या शॉकमधल्या तेलाच्या वाटा आणि पोलादी चकत्या मधल्या वजनाच्या रायडरला धरून आखतात, आणि युरोप-अमेरिकेतला मधला रायडर म्हणजे साधारण ७५ ते ८५ किलोचा पुरुष. महाराष्ट्रात डोंगरी सायकल चालवणारे माझ्या ओळखीचे कित्येक जण ५५ ते ६५ किलोंचे आहेत. स्त्रिया तर आणखी हलक्या. हलक्या माणसाला हवेचा दाब कमी ठेवावा लागतो. म्हणजे स्प्रिंग मऊ होते, आणि मऊ स्प्रिंगला परत वर यायला तेल आडवं येतं. रिबाउंडची कळ पूर्ण उघडली तरी शॉक सुस्तच राहतो. चाक खळग्यात वेळेवर पोचत नाही, पकड जाते, आणि रायडर समजतो की आपल्याला जमत नाही. त्याला जमत असतं. यंत्र दुसऱ्याच्या वजनाला जुळवलेलं असतं. शिवाय शॉक तळापर्यंत दाबण्याएवढं बळ निर्माण करणारे दणके त्याच्या वजनाने होतच नाहीत, त्यामुळे शेवटचे ३०-४० मिलिमीटर वर्षभर अस्पर्श राहतात. पैसे १७०चे मोजले आणि वापरले १३०.

उपाय आहेत. शॉकच्या हवेच्या कप्प्यात घालायचे प्लास्टिकचे तुकडे काढून टाकले की शेवटचा भाग मोकळा होतो. चांगला सस्पेन्शन मेकॅनिक आतल्या चकत्यांची रास बदलून कळांचा पल्ला हलक्या वजनाला आणू शकतो. म्हणून हलक्या रायडरने दुकानात पहिला प्रश्न ट्रॅव्हलचा विचारू नये. आपल्या वजनाला सॅग बरोबर बसवल्यानंतर रिबाउंडच्या किती खटक्या शिल्लक राहतात, ते विचारावं. कळ पूर्ण उघडून काम भागत असेल तर ती सायकल आपल्यासाठी आहे तशी योग्य नाही.

पुण्या-मुंबईकडचे मित्र मला विचारतात, सह्याद्रीसाठी अशी सायकल घ्यावी का. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट किंवा तिथून कोंडाणे लेण्यांकडे उतरणारी जंगलातली उभी, दगडी वाट डोळ्यांसमोर आणा. बेसाल्टच्या पायऱ्या, घसारा, पावसाळ्यात शेवाळ. उतरायला १७० मिलिमीटर नक्की आवडतील. पण आपल्याकडे सायकली वर नेणारी व्हॅन नाही, लांब सलग उतार थोडे, आणि उरलेला दिवस कच्च्या रस्त्यावर आणि घाटाच्या डांबरावर जातो. पायवाटा ट्रेकर आणि गावकऱ्यांच्याही आहेत. शनिवार-रविवारी तिथे वेगाने उतरणं योग्य नाही. माझं स्पष्ट मत असं की सह्याद्रीत बहुतेकांना १३० ते १४० मिलिमीटरची, चांगल्या टायरची आणि चार पिस्टन ब्रेकची सायकल पुरेशी आहे, आणि ती जास्त आनंद देईल. हिमाचलातल्या मनाली-बीरकडच्या उतारांवर वरचेवर जाणाऱ्यांनी किंवा शर्यतीत उतरणाऱ्यांनी मोठीचा विचार करावा.

खर्चाचा विचार मात्र दोघांनीही करावा. २०२३च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेलं, त्यामुळे परदेशातली किंमत रुपयांत बदलून मनात धरलेला आकडा इथे कधीच टिकत नाही. देखभाल वेगळी. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्या दर ५० तासांनी उघडून साफ करून तेल बदलायला सांगते आणि २०० तासांनी पूर्ण उघडायला. दर आठवड्याला पाच तास चालवणाऱ्याला ५० तास म्हणजे दहा आठवडे, म्हणजे एका पावसाळ्यात निदान एकदा. मागच्या सांध्यांचे बेअरिंग लाल मातीत लवकर जातात. तेव्हा सायकल ठरवण्याआधी आपल्या शहरात फोर्क आणि शॉक उघडून परत नीट बंद करणारा माणूस कोण आहे, त्याच्याकडे सील आणि तेल असतं का, आणि त्या विशिष्ट फ्रेमचा गिअर लटकवायचा हँगर किती दिवसांत मिळतो, याची चौकशी करा. हे तीन प्रश्न सुटत असतील तर मग ६३.९ की ६४.३ अंश यावर बोलू.